न वापरता झिजणारी बॅटरी

मुलांनो, वापरात नसलेला मोबाइल सुट्टीभर कपाटात ठेवला आणि जूनमध्ये बाहेर काढला, तर चार्जिंग उतरलेलं असतं. त्यात नवल नाही. पण पुन्हा पूर्ण चार्ज केल्यावरही तो पहिल्याइतका टिकत नाही! आता कुणी हातही लावला नाही, मग बॅटरी झिजली कशी?

ही लिथियम-आयन बॅटरी 1991 साली जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्यात लिथियमचे आयन दोन टोकांमध्ये ये-जा करतात. चार्जिंगच्या वेळी ते ॲनोडमध्ये, म्हणजे ऋण टोकात, जाऊन बसतात. हे टोक बहुधा ग्रॅफाइटचं असतं. तुमच्या पेन्सिलीच्या शिसात असतं ना, तेच! ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या 6 अणूंमागे 1 लिथियम मावतो. सिलिकॉनमध्ये मात्र 4 अणूंमागे 15 मावू शकतात. म्हणजे तेवढ्याच वजनात जवळजवळ दहापट साठा! म्हणून तर आता काही मोबाइलमध्ये थोडं सिलिकॉन मिसळू लागले आहेत.

पण सिलिकॉन आहे मोठं हट्टी. लिथियम पोटात घेतलं की ते भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं, आणि तेही जवळजवळ चौपट.

तापवलेल्या दुधावर साय धरते, तसा ॲनोडवर एक पातळ थर धरतो. बॅटरीतला द्रव आणि ॲनोडमधलं लिथियम यांच्यातून तो बनतो. थर हवाच, कारण तो द्रवाला पुढे जाऊ देत नाही. पण त्यात अडकलेलं लिथियम कायमचं गेलं. ग्रॅफाइटवर हा थर बराचसा स्थिर राहतो. सिलिकॉन फुगतं-आकसतं, तेव्हा तो मातीच्या भिंतीच्या गिलाव्यासारखा तडकतो.

आणि बॅटरी नुसती पडून असली तरी? तेव्हाही हा थर स्वस्थ बसत नाही, बरं का! त्याचा काही भाग द्रवात विरघळतो, उघड्या पडलेल्या जागी नवा थर धरतो, आणि पुन्हा लिथियम खर्च होतं. गल्ल्यातले पैसे गल्ल्याच्याच डागडुजीत संपावेत, तसं! उन्हाळ्यात हे काम अधिक वेगानं चालतं.

शास्त्रज्ञांची खरी पंचाईत इथेच आहे. शेकडो वेळा चार्ज करून बघायला काही महिने पुरतात, पण वर्षानुवर्षं ठेवून बघायला वर्षंच लागतात. आणि मोटारगाडी तर बराच वेळ उभीच असते! आपल्या पुण्यातल्या सी-मेट या सरकारी संस्थेतही बॅटरीच्या नव्या पदार्थांवर काम चालतं. सिलिकॉनचे अगदी बारीक कण करणं, त्यांना कार्बनचं वेष्टण देणं, द्रव बदलणं, असे उपाय जगभर करून पाहिले जात आहेत.

पालकांनो, कोणतीही लिथियम बॅटरी बरेच दिवस ठेवायची असेल, तर ती पूर्ण भरून ठेवू नका. साधारण निम्मी भरा आणि पत्र्याच्या छपराखाली न ठेवता घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा, कारण पार उतरून तशीच राहिलेली बॅटरीही बिघडते.