होडीचा जुना रंग कसा काढावा?

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. मग तळ खरवडायचे काम निघते. काम साधे दिसते, पण त्यात धोका आहे. तो आधी समजून घेऊ.

होडीचा तळ सतत पाण्यात असतो. त्याला शेवाळ धरते, शिंपले चिकटतात. होडी जड चालते. इंजिनाला तेल जास्त लागते. म्हणून तळाला विषारी रंग देतात. या रंगात बहुधा तांबे असते. मळ्यात फवारतात ते मोरचूदही तांब्याचेच. रंगातले तांबे हळूहळू पाण्यात उतरते. त्यामुळे शिंपले तळाला धरत नाहीत.

आता विचार करा. रंग खरवडला की हे विष जाते कुठे? कोरडा रंग घासला तर त्याची धूळ उडते. ती नाकातोंडात जाते. खाली पडलेली पूड भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत जाते. खाडीतली कालवं ते विष अंगात साठवतात. तीच कालवं ओहोटीला आपल्या बायका काढून आणतात, विकतात, पोरांना खाऊ घालतात.

असे एके ठिकाणी घडले आहे. फ्रान्स देशात आर्काशाँ नावाचा उपसागर आहे. तिथे कालवांची शेती होते. १९७५ नंतर तिथल्या कालवांची पिले जगेनात. कवचे वेडीवाकडी वाढू लागली. तिथल्या होड्यांच्या रंगात कथिलापासून केलेले जहाल विष होते, त्याचा हा परिणाम. १९८२ साली फ्रान्सने लहान होड्यांना तो रंग लावायला बंदी केली. २००८ साली जहाजांसाठीही तशी बंदी घालणारा जागतिक करार अमलात आला. पण जुन्या होडीच्या आतल्या थरात तो रंग अजून असू शकतो.

मग काम कसे करावे?

होडी भरतीच्या रेषेच्या वर घ्यावी. पाऊस नसेल तो दिवस धरावा. तळाखाली ताडपत्री पसरावी. तिच्या कडा विटा लावून उचलाव्या, म्हणजे पाणी बाहेर जाणार नाही. रंग पाण्याने भिजवावा आणि ओलाच खरवडावा. लाकडाच्या रेषेने हात चालवावा. फळ्यांच्या सांध्यातला कापूस उकरू नये. शेवटी वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावा. रंग घट्ट बसलेला असेल तर सगळा काढू नये. सुटलेला तेवढा काढावा.

नाकाला नुसता रुमाल पुरत नाही. धुळीचा चांगला मास्क, चष्मा आणि हातमोजे घालावे. पोरांना जवळ येऊ देऊ नये. हात धुतल्याशिवाय भाकरी, विडी, तंबाखू काही तोंडाला लावू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

रंग जाळून काढू नये. त्याचा धूर विषारी असतो. खरवडलेला रंग खाडीत, विहिरीजवळ किंवा उकिरड्यात टाकू नये. जुन्या डब्यात भरून झाकण लावावे. घातक कचरा कुठे घेतात ते ग्रामपंचायतीत विचारावे आणि तिथेच तो द्यावा.

होडी आपली आहे, तशी खाडीही आपलीच आहे. दोन्ही स्वच्छ राहिल्या तर घर चालेल.