घळीच्या दोन तोंडांवरची बिअर

१५५३ साली बव्हेरियाच्या ड्यूकनं, पाचव्या आल्ब्रेख्तनं, बिअर करणाऱ्यांना वेळापत्रकच घालून दिलं. २९ सप्टेंबर हा संत मायकेलचा दिवस आणि २३ एप्रिल हा संत जॉर्जचा. या दोन दिवसांच्या मधल्या थंडीत काय ती बिअर करा, एरवी भट्टी बंद. उन्हाळ्यात केलेली बिअर आंबट व्हायची, नासायची. शिवाय भर उन्हाच्या दिवसांत भट्ट्यांमुळे आगी लागायच्या त्या वेगळ्याच. हुकूम एवढाच. पण उन्हाळ्याचं करायचं काय, या प्रश्नाला बव्हेरियानं दोन उत्तरं शोधली. एक म्हणजे थंडी साठवून ठेवायची आणि दुसरं म्हणजे थंडी लागतच नाही अशी बिअर करायची. ही दोन्ही उत्तरं आजही शाबूत आहेत, तीही एकाच नदीवर, पाच-साडेपाच किलोमीटरच्या अंतरानं. मध्ये आहे डॅन्यूबची घळ.

घळीच्या खालच्या तोंडाशी केलहाइम हे गाव. रेगेन्सबर्ग ते इंगोलश्टाट या रेल्वेमार्गावर झाल नावाचं छोटं स्टेशन लागतं, तिथून बसनं केलहाइमला येता येतं. इथे आल्टम्यूल नदी डॅन्यूबला मिळते. वरच्या तोंडाशी, नदीच्या वळणावर, वेल्टेनबुर्गचा बेनेडिक्टाइन मठ. मधल्या घळीत सडक नाही. गाडीवाले मागच्या बाजूनं वळसा घालून मठाजवळ पोचतात, पण तसं केलं तर इथे येण्यातला निम्मा अर्थ गेला. बोटीनं जावं किंवा चालत. माझं मत विचाराल तर जाताना चालत आणि येताना बोटीनं. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटीला चाळीस मिनिटं लागतात, परतीला वीस.

घळ चुनखडीची आहे. ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्रात तयार झालेल्या या खडकाचे कडे दोन्ही काठांवर सत्तर-ऐंशी मीटर उभे चढतात. डॅन्यूब मुळात इथून वाहत नव्हती. आज जी आल्टम्यूलची रुंद दरी दिसते तो तिचा जुना रस्ता. पुढे तिनं हा अरुंद मार्ग पकडला. काठाला पाऊल ठेवायला जागा नसल्यामुळे घोड्यांनी किंवा माणसांनी काठावरून नावा ओढण्याची सोय इथे नव्हती. नावाडी मग कड्यात ठोकलेल्या लोखंडी कड्या धरधरून नाव वर नेत. त्या कड्या अजून खडकात आहेत. बोटीतून जाताना नजर ठेवली तर दिसतात, पण बहुतेक प्रवासी त्या वेळी सुळक्यांची नावं ऐकण्यात गुंग असतात. एकाचं नाव ‘तीन वैरी भाऊ’, तर एकाचं चक्क ‘नेपोलियनची प्रवासी पेटी’. १९७८ साली या घळीला निसर्गरक्षणासाठीचा युरोपीय डिप्लोमा मिळाला आणि २०२० साली ती बव्हेरियातलं पहिलं राष्ट्रीय निसर्गस्मारक झाली.

पायवाट डाव्या काठानं जाते. गाव संपल्यावर कड्याच्या कुशीत बांधलेलं एका जुन्या संन्याशाश्रमाचं छोटं चर्च लागतं आणि मग वाट जंगलात चढते. बीचची झाडी, पायाखाली पाचोळा, चढ फार नाही. सिंहगड चढणाऱ्याला तर हा फेरफटकाच वाटेल. वाटेत मातीचे लांबच लांब बांध आडवे येतात. ते नैसर्गिक उंचवटे नव्हेत. ख्रिस्तपूर्व काळात इथे केल्ट लोकांचं मोठं तटबंदीचं नगर होतं, त्याचे हे ढासळलेले कोट. ते लोक इथल्या जमिनीतून लोखंडाचं खनिज काढत. त्याच डोंगराच्या केलहाइमकडच्या टोकावर राजा पहिला लुडविग यानं नेपोलियनवरच्या विजयाचं एक अवाढव्य गोल स्मारक उभारलंय. ते १८६३ साली पुरं झालं. बाहेरून भपकेबाज, आतून आणखी भपकेबाज. वरच्या गच्चीवरून दोन नद्यांचा संगम छान दिसतो, एवढ्यासाठी चढावं.

वाट नदीकाठी उतरते तेव्हा मठ समोर दिसतो, पण पलीकडच्या काठावर. मग तर लागते. लांबट, सपाट बुडाच्या लाकडी होड्या माणसांना पलीकडे सोडतात. थोडं वर, श्टाउसाकर गावापाशी, गाड्या नेणारी तर आहे, ती तर बघण्यासारखीच. नदीवर आडवा ताणलेला दोर, त्याला बांधलेला तराफा. तो तिरका धरला की प्रवाहच त्याला पलीकडे ढकलतो. इंजिन नाही.

वेल्टेनबुर्गचा मठ सातव्या शतकातला मानला जातो आणि इथली बिअर १०५० सालापासूनची. जगातली सर्वांत जुनी मठातली ब्रुअरी असा मठाचा दावा आहे. तासाभराच्या अंतरावरच्या फ्रायझिंग गावातली वाइहेनश्टेफान ब्रुअरी १०४० साल सांगते. पण तिथला मठ १८०३ साली बंद झाला आणि ब्रुअरी सरकारची झाली, म्हणून ‘मठातली’ या एका शब्दावर वेल्टेनबुर्ग पैज जिंकतो. खरं तर १८०३ साली हाही मठ बंद पडला होता. १८४२ साली लुडविगनंच तो पुन्हा सुरू केला. १९७३ साली ब्रुअरी चालवण्याचं काम रेगेन्सबर्गच्या बिशोफ्सहोफ कंपनीकडे गेलं आणि मठाच्या नावाची काही बिअर तिथे होऊ लागली. असल्या वयाच्या वादात मला फारसा रस नाही. जवळजवळ हजार वर्षांनंतर दहा वर्षं इकडची की तिकडची, काय फरक पडतो?

रस आहे तो तळघरात. मठाच्या मागे सरळ कडा उठतो आणि त्याच्या पोटात बिअर मुरवण्याची जागा आहे. इथली नाव मिळवलेली बिअर म्हणजे ‘बारोक डुंकेल’ : गडद तपकिरी, खरपूस भाजलेल्या पावाच्या वासाची, फारशी कडू नसलेली. तिचं यीस्ट भांड्याच्या तळाशी बसतं आणि थंडीतच, म्हणजे पाच ते दहा अंशांत, नीट काम करतं. त्यानंतर बिअर आणखी थंड ठेवून काही आठवडे मुरवायची. यंत्रं नव्हती तेव्हा हे साधायचं तर हिवाळ्यात नदी-तळ्यांतला बर्फ कापून आणायचा, खडकातल्या तळघरात भरायचा आणि त्यावर उन्हाळा काढायचा. खडकाचं तळघर असलेला मठ म्हणजे भाग्यवानच म्हणायचा. आपल्याकडेही इंग्रजांनी १९व्या शतकात कसौली-सोलनच्या डोंगरांत ब्रुअऱ्या काढल्या, त्या थंड हवेसाठीच. याच डुंकेलला अमेरिकेतल्या वर्ल्ड बिअर कप स्पर्धेत २००४, २००८ आणि २०१२ साली तिच्या गटात सुवर्णपदक मिळालं.

ज्यांना कडा लाभला नाही त्यांनी जमिनीत तळघरं खणली आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली. पानं रुंद, मुळं उथळ, त्यामुळे खालच्या कमानींना धोका नाही. सावलीत बाकं आली आणि लोक तिथेच बसून प्यायला लागले. म्युनिकमधल्या खाणावळवाल्यांनी धंदा बुडतो म्हणून ओरड केली, तेव्हा राजानं १८१२ साली तोड काढली : तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये. म्हणून लोक घरून डबा आणू लागले. म्युनिकच्या जुन्या बिअर गार्डनमध्ये आजही घरचा डबा उघडून बसलेली कुटुंबं दिसतात. परमिट रूमच्या काळ्या काचा आणि मिणमिणते दिवे पाहिलेल्या मराठी माणसाला हे बघून जरा गांगरायला होतं. इथे आजी आहे, पोरं आहेत, टेबलाखाली कुत्रं आहे, दुपारचा एक वाजलाय, आणि कुणी कुणापासून काही लपवत नाहीये. वेल्टेनबुर्गच्या चौकातही चेस्टनटच आहेत. डुंकेलबरोबर ओबात्स्डा मागवावं. लोणी, मऊ चीज आणि पाप्रिका कालवून केलेला हा गोळा ब्रेत्सेल नावाच्या पावाला लावून खातात.

चौकातून दोन पावलांवर चर्च. ते न बघता उठू नये. १७१६ पासून कोस्मास डामियान आणि एगिड क्विरीन या आझाम बंधूंनी ते उभारलं. एक चित्रकार, दुसरा शिल्पकार. आत शिरल्यावर आधी अंधार वाटतो. मग समोर वेदीवर घोड्यावरचा संत जॉर्ज दिसतो, राक्षसी सर्पावर तलवार उगारलेला, आणि त्याच्या मागून लख्ख उजेड येत असतो. उजेडाची खिडकी मात्र कुठूनच दिसत नाही. ती मुद्दाम लपवलेली आहे. वर घुमटाच्या कठड्यावरून एक गृहस्थ वाकून खाली बघत हसतोय. तो स्वतः कोस्मास डामियान. धाकट्या भावानं त्याला तिथे बसवून ठेवलाय. आणि ड्यूकच्या हुकुमाची आठवण ठेवून एक गंमत बघा : भट्टी ज्याच्या दिवशी बंद व्हायची तो जॉर्ज या काठावर चर्चमध्ये, तर ज्याच्या दिवशी सुरू व्हायची त्या मायकेलच्या नावाचा डोंगर, मिशेल्सबेर्ग, त्या काठावर. योगायोगच आहे, पण चालून आलेल्या माणसाला तो आवडतो.

बाहेर भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. घळीच्या तोंडाशी असल्यामुळे नदी तुंबते आणि मठात शिरते. १९९९ आणि २००५ साली तिनं इथे मोठं नुकसान केलं. जागा सुंदर निवडली की तिचं भाडं असं भरावं लागतं.

परत केलहाइमला आलात की दुसरं उत्तर. १५१६ साली, इथून वरच्या अंगाला असलेल्या इंगोलश्टाटमध्ये, बिअर फक्त बार्ली, हॉप आणि पाण्याचीच करायची असा प्रसिद्ध कायदा झाला. गहू पावासाठी राखायचा होता. पण गव्हाच्या बिअरचा परवाना देगेनबेर्ग नावाच्या सरदार घराण्याकडे होता. १६०२ साली तो वंश खुंटला आणि ड्यूक माक्सिमिलियाननं तो हक्क स्वतःकडे घेतला. ज्या धान्याची प्रजेला मनाई, त्याच धान्याची बिअर आता फक्त ड्यूकच्या भट्ट्यांत! १६०७ साली केलहाइमची भट्टी उभी राहिली. गव्हाच्या बिअरचं यीस्ट वर तरंगतं, त्याला वीस अंशांच्या आसपासची ऊब चालते. म्हणजे इतरांच्या भट्ट्या उन्हाळ्यात थंड असताना ड्यूकची चालू. तिजोरी भरली नसती तरच नवल.

तीच भट्टी आज श्नायडर कुटुंबाकडे आहे. १९व्या शतकात लोक लागरकडे, म्हणजे थंडीत मुरवलेल्या बिअरकडे, वळले, गव्हाची बिअर मरायला टेकली. १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं म्युनिकच्या ब्रुअऱ्यांत आली आणि उन्हाळ्यात बिअर करण्याची तिची खासियतही उरली नाही. अशा वेळी १८७२ साली गेओर्ग श्नायडरनं राजा दुसरा लुडविग याच्याकडून ती करण्याचा हक्क मिळवला. केलहाइमची ब्रुअरी कुटुंबानं १९२०च्या दशकात घेतली; १९४४ साली बॉम्बवर्षावात म्युनिकची भट्टी गेली आणि सगळा कारभार इथे आला. ब्रुअरी दाखवतात तेव्हा उघड्या टाक्यांत वर आलेला यीस्टचा जाड, पिवळसर फेस जवळून बघता येतो. वास केळ्याचा आणि लवंगेचा. बिअरमध्ये केळंही नसतं आणि लवंगही नाही. उबेत काम करणारं यीस्टच ते वास सोडतं.

ही बिअर ओतायचीही रीत आहे. उंच ग्लास आधी गार पाण्यानं ओला करतात, तिरका धरतात, काठाकाठानं सावकाश ओततात. बाटलीत दोन बोटं उरली की थांबतात, बाटली गोल हलवून तळाचा गाळ सोडवतात आणि तो वरून घालतात. घाईनं ओतलीत तर अर्धा ग्लास फेसच हाती लागतो.

बव्हेरियातले लोक ही बिअर सकाळी, पांढऱ्या सॉसेजबरोबर, बाराच्या आत घेतात. तेव्हा रीतीप्रमाणे आधी केलहाइमची गव्हाची आणि मग मठातली डुंकेल हवी. मी मात्र उलटा क्रम सुचवीन, आणि त्याचं कारण आहे आवेन्टिनुस. १९०७ सालापासूनची ही श्नायडरांची गडद, दणकट गव्हाची बिअर ८.२ टक्क्यांची आहे. ती पिऊन केल्टांचे कोट चढायला जाऊ नये; चालणं संपवून, बोटीतून उतरून, अर्धाच लिटर घ्यावी आणि झालच्या बसचं वेळापत्रक आधीच बघून ठेवावं. गाडी चालवणाऱ्यानं तीही घेऊ नये.