धावण्याची चाल कशी ठरवावी?

पोलीस भरती जवळ आली की सालेकसा-दरेकसा रस्त्यावर आपली पोरे पहाटे धावताना दिसतात. मेहनतीत कसूर नाही; पण पुष्कळजण रोज जीव खाऊन पळतात, ते बरे नव्हे. जून 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत 5 किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले. पुढे अंतर कमी झाले. आता पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना 1600 व महिलांना 800 मीटर धावावे लागते.

उसाने भरलेली गाडी असली की आपण बैलांना फडापासूनच पळवत नाही. धावण्याचेही तसेच आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस सोबत्याशी सरळ बोलता येईल अशाच चालीने 30 मिनिटे धावावे. बोलताना धाप लागली तर चाल उतरवावी. अशाने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते व दम वाढतो.

वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच पुरे. 1600 मीटर 6 मिनिटांत काढायचे तर 400 मीटरची फेरी 90 सेकंदांत पडली पाहिजे. पहिलीच फेरी 75 सेकंदांत मारणारा बहुधा शेवटी ढेपाळतो. म्हणून 90 सेकंदांची एक फेरी, मग दम खाली बसेपर्यंत चालणे, असे 4 वेळा करावे.

छातीत दुखले वा चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. घरच्या पोरांना एवढे जरूर सांगा, ही विनंती. भरती पुन्हा निघेल; पोरगा पुन्हा मिळायचा नाही.