भांडवलशाही की समाजवाद? घुग्घुसच्या उदाहरणातून समजून घ्या

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस परिसरात कोळसा काढते वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी. सिमेंट आणि स्पंज आयर्नचे कारखाने मात्र खासगी आहेत. म्हणजे ज्या दोन व्यवस्थांवर जगभर वाद होतो, त्या दोन्हींचे नमुने इथे शेजारी शेजारी दिसतात.

फरक नेमका कशात?

भांडवलशाहीत खाणी, कारखाने, यंत्रे खासगी मालकांची असतात. काय आणि किती बनवायचे हे बाजारातली मागणी व नफा ठरवतात. समाजवादात ही साधने समाजाच्या, बहुतेक वेळा सरकारच्या मालकीची असतात आणि उत्पादन गरज पाहून नियोजनाने ठरते. पहिल्या पद्धतीत स्पर्धेमुळे नवे तंत्र लवकर येते, पण विषमता वाढू शकते. दुसरीत सुरक्षितता मिळते, पण सोव्हिएत संघात घडले तसे वरून ठरवलेले आकडे आणि लोकांची गरज यांचा मेळ बसेनासा होतो.

खाणी सरकारच्या का झाल्या?

देशातल्या बहुतेक कोळसा खाणी पूर्वी खासगी होत्या. मालक सहज हाती येणारा कोळसा काढतात, सुरक्षेवर खर्च करत नाहीत आणि मजुरांना नीट वागवत नाहीत, अशा तक्रारी होत्या. १९७१-७३ मध्ये इंदिरा गांधी सरकारने या खाणी टप्प्याटप्प्याने ताब्यात घेतल्या आणि १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. नागपुरात मुख्यालय असलेली वेकोलि ही तिचीच उपकंपनी.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१० मध्ये कोल इंडियाचे शेअर बाजारात आले. २०२० मध्ये खासगी कंपन्यांना कोळसा काढून खुल्या बाजारात विकण्यासाठी खाणींचे लिलाव सुरू झाले. सरकारी खाणीतही कायम कामगाराचा पगार राष्ट्रीय वेतन करारानुसार ठरतो, तर त्याच खाणीत माती उपसणारा कामगार अनेकदा कंत्राटदाराचा असतो. भारताची अर्थव्यवस्था ‘मिश्र’ म्हणतात ती अशी.

मालक बदलला की प्रश्न सुटतो?

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले. वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. खाण सरकारी असली म्हणून वरची माणसे आपोआप सुरक्षित होत नाहीत. खासगी असती तरी नियम कोण पाळून घेणार, हा प्रश्न उरलाच असता.

तिसरी वाट

शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून गावाने आपला बांबू स्वतः विकला. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. इथे मालक शेठही नाही आणि सरकारही नाही. विक्री मात्र बाजारातच होते.

म्हणून एखाद्या व्यवस्थेला नाव देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: मालक कोण, नफा कुणाकडे जातो आणि नुकसान झाले तर जाब कुणाला विचारता येतो? घुग्घुससारख्या गावात यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा ठरतो.