पायथॉनच्या पोटात सी

पायथॉनमध्ये यादी वापरून झाली की तिने अडवलेली स्मृतीतली जागा कोण मोकळी करते? १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेल्या या भाषेचा नेहमीचा दुभाष्या, सीपायथॉन, सी भाषेत लिहिलेला आहे. त्याची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारून पाठवावी.

तिथे वस्तूजवळ एक आकडा असतो: तिला किती जण धरून आहेत? शून्य झाले की जागा मोकळी. पायथॉनमध्ये हा हिशेब आपोआप होतो. सीमध्ये तो तुम्हीच ठेवायचा. एक वजा करायला विसरलात, तर जागा अडून राहते. एकदा जास्त वजा केलेत, तर वापरातली वस्तूच नाहीशी होते आणि आज्ञावली कोसळते, तीही भलत्याच ओळीवर! म्हणून सुधारणेसोबत चाचणी जोडतात. ती मात्र बहुधा पायथॉनमध्येच लिहितात, बरे का!