औषधांची पिशवी आधी उघडावी

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून हे शहर मागांच्या खडखडाटात जगत आले आहे. त्या आवाजात आयुष्य घालवलेल्या अनेक ज्येष्ठांना मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांच्या जोडीला ऐकूही कमी येते. डॉक्टरांच्या सूचनेला ते मान डोलावतात. ती कानी पडलेली असतेच असे नाही. म्हणून घरी येणाऱ्या परिचारिकेने समोर बसून सावकाश बोलावे आणि सांगितलेले त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐकावे.

घरच्यांनी तिच्यापुढे सगळी औषधे ठेवावीत. दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीसुद्धा. नेमकी तीच लपवली जाते! आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत एकच औषध दोन नावांनी असणेही नवे नाही. मात्र नियमित औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये.

रक्तदाब बसून आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा मोजून घ्यावा. उभे राहताच तो उतरत असेल, तर तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. मधुमेहींचे तळपाय रोज पाहावेत. जेवण चुकून घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसला आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर त्यास लगेच साखरपाणी द्यावे.