पॅनेलवर नसलेला माणूस : ऑनलाइन युजर रिसर्चबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

चाकण-तळेगाव रस्त्यावरचं महाळुंगे (म्हणजे खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, बालेवाडीजवळचं वेगळं) बघता बघता कारखान्यांचं गाव झालं. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये याच पट्ट्यात उभा राहिला. मोठ्या कंपन्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे वेंडर आले, त्यांचे ठेकेदार आले, ठेकेदारांची माणसं आणि त्यांच्या भाड्याच्या खोल्या आल्या. या माणसांचे कितीतरी व्यवहार आता मोबाइलच्या पडद्यावरून होतात : हजेरी, पगाराची स्लिप, पीएफ, गावी पाठवायचे पैसे. कित्येक ठिकाणी लाईनवर कागदी चेकशीटची जागा टॅबने घेतली आहे. हे पडदे आखणारे लोक मात्र दूर कुठल्या तरी आयटी पार्कात बसलेले असतात, आणि आपण आखलेलं लोकांना जमतंय का हे पाहायला ते ऑनलाइन युजर रिसर्च प्लॅटफॉर्म उघडतात. तिथे नोंदणी केलेल्या लोकांचं पॅनेल तयार असतं. वय, शहर, व्यवसाय असे चाळणीचे प्रश्न लावून माणसं निवडायची, त्यांना एखादं काम द्यायचं, ते करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं, की काही तासांत पडद्याचं आणि आवाजाचं रेकॉर्डिंग हातात पडतं. या सोयीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एकांना वाटतं, आता प्रत्यक्ष भेटायची गरज उरली नाही; दुसऱ्यांना वाटतं, हा सगळा दिखावा आहे. दोन्ही मतं चुकीची आहेत, कारण या साधनाचा गुण आणि दोष एकाच गोष्टीतून येतो : माणसं आधीच जमलेली असतात. त्यामुळे वेळ वाचतो, आणि त्यामुळेच जी माणसं कधी जमत नाहीत त्यांच्याबद्दल त्यातून काही कळत नाही.

सगळ्यांत चिवट गैरसमज आकड्याचा. ‘दहा जणांना विचारण्यापेक्षा दहा हजारांना विचारा, चूक आपोआप कमी होईल,’ असं कारखान्यातल्या दर्जा तपासणीची सवय असलेल्या माणसालाही सहज पटतं. पण नमुना एकाच कोपऱ्यातून उचलला असेल तर तो वाढवल्याने चूक कमी होत नाही, उलट ती चूक अधिक खात्रीची वाटू लागते. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि वीस लाखांहून अधिक परत आल्या. निष्कर्ष निघाला की रूझवेल्टना हरवून लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या काळात मोटार-टेलिफोन बाळगणारा माणूस सर्वसामान्य मतदार नव्हता. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांच्यातही फरक होता. आजचं ऑनलाइन पॅनेल या दुसऱ्या कारणाच्या फार जवळ जातं, कारण तिथला प्रत्येक जण स्वतःहून आलेला असतो. प्यू रिसर्च सेंटरने २०२२ मध्ये अशा स्वेच्छेने भरलेल्या ऑनलाइन पॅनेलला एक विचित्र प्रश्न विचारला : तुमच्याकडे विशिष्ट प्रकारची पाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी ‘आहे’ म्हणून सांगितलं. असा परवाना असलेल्यांचं खरं प्रमाण शून्यात जमा आहे. पटापट खुणा करून मानधन घेणारा माणूस पॅनेलवर असतो, आणि आपल्या चाळणीला तो हवं ते उत्तर देतो. ‘तुम्ही सीएनसी मशीनवर काम करता का?’ असं थेट विचारलं तर ‘हो’ म्हणणारे हवे तितके मिळतील. त्याऐवजी ‘तुमच्या मशीनवर कूलंट कधी आणि कसं बदलता?’ असं मोकळं उत्तर मागितलं, तर खरा ऑपरेटर दोन ओळींत ओळखू येतो.

याच्या अगदी उलट समजही तितकाच पसरलेला आहे : ‘पाच जण पुरेत.’ हा आकडा वापरसुलभतेचे संशोधक जेकब नील्सन आणि टॉमस लँडावर यांच्या १९९३ च्या कामातून आला. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, असं ते गणित. पण ३१ टक्के ही सरासरी होती, आणि ती त्यांनी तपासलेल्या प्रणालींची होती. जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी २००१ मध्ये खरेदीच्या संकेतस्थळांवर हेच पाहिलं, तेव्हा पहिल्या पाच जणांत जेमतेम ३५ टक्के अडचणी सापडल्या. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये साठ जणांच्या चाचणीतून पाच-पाच जणांचे गट काढून बघितले. सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपासच आली, पण एखाद्या गटाच्या वाट्याला ५५ टक्केच आल्या. म्हणून नील्सनचा सल्ला खोटा ठरत नाही. पाच जणांत दोष शोधा, दुरुस्त करा, पुन्हा पाच जणांकडे जा, असं त्याचं मूळ रूप आहे, आणि ते चांगलं आहे. बिघडतं कुठे, तर पाच जणांवरून ‘८० टक्के वापरकर्त्यांना हे आवडलं’ असं सादरीकरणात लिहिलं जातं तिथे. पाचांतले चार म्हणजे चार माणसं. दोष शोधणं आणि प्रमाण मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी प्लॅटफॉर्म उत्तम, दुसऱ्यासाठी फार जपून.

आता महाळुंग्याला सगळ्यांत जवळचा गैरसमज : ‘आता सगळेच ऑनलाइन आहेत, मग पॅनेलवर सगळे मिळणारच.’ इंटरनेट कंपन्यांची संघटना आयएएमएआय आणि संशोधन कंपनी कांतार यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात इंटरनेट वापरणारे ८८.६ कोटी आहेत, त्यांतले निम्म्याहून जास्त ग्रामीण भागातले, आणि ९८ टक्के लोक भारतीय भाषांतला मजकूर पाहतात-ऐकतात. पण इंटरनेट वापरणं वेगळं आणि इंग्रजी सूचना वाचून, मायक्रोफोन चालू करून, अनोळखी कंपनीसाठी वीस मिनिटं बोलत बसणं वेगळं. पीएफचंच उदाहरण घ्या. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला बारा अंकी खाते क्रमांक (यूएएन) आहे, २०१७ पासून उमंग अ‍ॅप आहे, दावा मोबाइलवरून करता येतो. तरीही कंत्राटी कामगार एमआयडीसीतल्या झेरॉक्सच्या नाहीतर ई-सेवेच्या दुकानात जातो, काउंटरवर आधार कार्ड ठेवतो, दुकानदार लॉगिन करतो, ओटीपी कामगाराच्या फोनवर येतो, तो मोठ्याने वाचून दाखवतो, आणि दाव्याचा फॉर्म १९, १०सी की ३१ हे दुकानदारच ठरवतो. मधेच कळतं की जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नाही, किंवा आधारवर आडनाव आधी आहे आणि पीएफमध्ये शेवटी. काम तिथेच अडतं. इथे वापरकर्ता कोण? पैसे कामगाराचे, बोटं दुकानदाराची. पॅनेलवर हेच काम दिलं तर ते एकटा, सुशिक्षित, स्वतःचा फोन सराईतपणे वापरणारा माणूस करेल आणि ‘बटण थोडं मोठं हवं होतं’ अशी सूचना देईल. ती सूचना बरोबरही असेल. पण काम अडलं होतं तारखेपाशी आणि नावापाशी, आणि ते त्या रेकॉर्डिंगमध्ये दिसणार नाही, कारण दोघांनी मिळून एक फोन वापरायचा ही स्थितीच प्लॅटफॉर्मच्या आखणीत बसत नाही.

भाषेइतकीच आडवी येते भीड. समोरच्याने मेहनत घेऊन काही दाखवलं तर त्याला नावं ठेवू नयेत, हा संस्कार आपल्याकडे खोल आहे, आणि ‘छान आहे सर’ हे उत्तर त्यातूनच येतं. मुंबईत ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या कंपनीत काम करताना अपाला लाहिरी चव्हाण यांना हेच जाणवलं होतं. त्यावर त्यांनी योजलेला उपाय ‘बॉलीवूड पद्धत’ म्हणून जगभर ओळखला जातो. ‘या संकेतस्थळावर तिकीट काढून दाखवा’ असं सांगायचं नाही. सिनेमात शोभेल असा प्रसंग उभा करायचा. भाचीचं लग्न तोंडावर आलंय, नवऱ्या मुलाचं आधीच लग्न झालंय असं कळतं, पुरावा तुमच्याकडे आहे आणि आत्ताच्या आत्ता विमानाचं तिकीट हवंय. माणूस प्रसंगात शिरला की भीड मागे पडते, आणि तिकीट निघेना की तो मोकळेपणी चिडतो. हे ऑनलाइनही करता येतं, समोर प्रश्न विचारणारं माणूस असेल तर अधिक चांगलं जमतं. प्लॅटफॉर्मवरच्या आयत्या नमुन्यांत मात्र सहसा ‘एक ते पाच गुण द्या’ एवढंच असतं, आणि त्या पट्टीवर आपली माणसं फारशी चारच्या खाली उतरत नाहीत.

इथवर वाचून कारखान्यातला अनुभवी माणूस म्हणेल, ‘मग प्लॅटफॉर्म हवाच कशाला? गेंबावर जा.’ टोयोटाच्या शिकवणीतून आलेला हा शब्द आपल्याकडच्या सुपरवायझरच्या तोंडी मराठीसारखा बसला आहे : जिथे काम घडतं तिथे जाऊन पाहा. टॅबचा पडदा तेलकट हातमोज्यांनी दाबला जातो का, प्रेसच्या आवाजात सूचनेची बीप ऐकू येते का, सायकल टाइममध्ये तीन वेळा टॅप करायला सवड आहे का, हे लाईनवर उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. हा आक्षेप बराचसा खरा आहे, पण गेंबालाही मर्यादा आहे. सुपरवायझर शेजारी उभा असताना कामगार ‘हे अ‍ॅप मला कळत नाही’ असं म्हणणार नाही. हजेरीतल्या चुकीबद्दल तर बोलणारच नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांवर फ्राउके क्रॉयटर आणि सहकाऱ्यांनी केलेला २००८ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. कमी गुणांसारख्या लाजिरवाण्या गोष्टी फोनवर माणसाने विचारल्या त्यापेक्षा संकेतस्थळावर एकट्याने उत्तर देताना लोकांनी जास्त खरेपणाने सांगितल्या, आणि हे विद्यापीठाच्या नोंदींशी पडताळून पाहिलेलं होतं. म्हणजे खोलीवर, शिफ्ट संपल्यावर, आपल्या भाषेत, नाव न देता दिलेलं उत्तर साहेबांसमोर दिलेल्या उत्तरापेक्षा मोलाचं ठरू शकतं. ही प्लॅटफॉर्मची खरी ताकद आहे, आणि नेमकी तीच कमी वापरली जाते.

दुसरी ताकद पैशाची आणि अंतराची. पंचवीस-तीस माणसांच्या वेंडर कंपनीला युजर रिसर्चसाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही. अशा कंपनीने वेंडर पोर्टल किंवा सर्व्हिसचं अ‍ॅप बनवून घेतलं, तर शब्दांचा गोंधळ, न सापडणारा मेन्यू, अर्ध्यात सोडला जाणारा फॉर्म असे दोष प्लॅटफॉर्मवर एका दिवसात बाहेर येतात. ग्राहक नाशिक, कोल्हापूर, होसूर असे विखुरलेले असतील तर प्रत्येकाकडे जाण्यात महिना जाईल. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर स्वतःची माणसं लिंक पाठवून बोलावण्याची सोयही असते, आणि माझ्या मते महाळुंग्यासारख्या ठिकाणी हीच सगळ्यांत उपयोगाची गोष्ट आहे : पॅनेल त्यांचं घेऊ नका, साधन तेवढं घ्या. माणसं आपण शोधायची, मानधन आपण द्यायचं, सूचना मराठी-हिंदीत लिहायच्या. पॅनेलच्या माणसांवर न विसंबण्याचं एक नवं कारणही आता पुढे आलं आहे. लोझानच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या ऑनलाइन कामं वाटणाऱ्या ठिकाणी सारांश लिहिण्याचं काम दिलं, तेव्हा ३३ ते ४६ टक्के लोकांनी ते एआयकडून करून घेतल्याचा अंदाज निघाला. लेखी उत्तरांवर त्यामुळे भरवसा ठेवता येत नाही. काम करतानाचं पडद्याचं रेकॉर्डिंग अजून तरी बरं.

शेवटचा गैरसमज कायद्याचा : ‘सहभागी माणसाने “मान्य” दाबलं की आपली जबाबदारी संपली.’ डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मोकळी, नेमकी, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी असं कायदा म्हणतो, आणि ती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय माणसाला असला पाहिजे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ठेकेदाराने ‘सगळ्यांनी या लिंकवर जाऊन करा’ म्हणून सांगितलं, तर त्या संमतीला मोकळी म्हणता येईल का, हा प्रश्न कंपनीने आधीच स्वतःला विचारायला हवा. पडद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तर न मागितलेलंही येतं : पीएफच्या पडद्यावरचा आधार क्रमांक, वरून घसरत आलेला बँकेचा मेसेज, पगाराचा आकडा, ओटीपी. त्यासाठी चाचणीला खोट्या नावाचं, खोट्या आकड्यांचं सराव-खातं द्यावं, नोटिफिकेशन बंद करायला सांगावं, रेकॉर्डिंग कोण पाहणार आणि किती दिवसांनी पुसणार हे मराठीत दोन ओळींत लिहावं, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव ठेकेदारापर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था लिंक पाठवण्याच्या आधी करावी.